वेटिंगमधल्या मुलीचा डबा

प्रतीक्षा यादीत नाव लागलेल्या मुलीनं पुढं काय करायचं, याबद्दल त्या जूनमध्ये मुखेडात प्रत्येकाचं मत तयार होतं. नांदेडला प्रवेश घेऊन मोकळे व्हा, असं हायस्कूलचे सर म्हणाले. टीसी कुठंच देऊ नका, एकदा टीसी दिली की लातूर संपलं, असं शेजारी म्हणाले. त्यांचा मुलगा आदल्या वर्षी लातूरला गेला होता. मुलगी आहे, इथंच आर्ट्सला घाला, असंही एक मत होतं आणि ते आमच्या सख्ख्या काकांचं होतं. वडील पिठाची गिरणी चालवायचे. दळणाला आलेला माणूस पीठ पडेपर्यंत बोलत उभा राहतो. त्यामुळे ही सगळी मतं आमच्या घरी गिरणीतून येत.

भूकंपानंतरचा तो पहिला जून होता. माझी धाकटी बहीण दहावीला शाळेत पहिली आली होती. लातूरच्या ज्या कॉलेजात अकरावी सायन्सला जागा मिळाली की पोर डॉक्टर झालंच, असं आमच्या भागात धरून चालत, त्या कॉलेजाच्या प्रतीक्षा यादीत तिचं नाव लागलं. तिला डॉक्टर व्हायचं होतं. आठवीत असताना तिनं हे एकदा सांगितलं होतं. पुन्हा सांगितलं नाही, कारण घरात ते कुणी विसरलं नव्हतं.

मी तेव्हा नांदेडच्या एका दैनिकात नव्यानं नोकरीला लागलो होतो. माझं मत सरांसारखंच होतं. प्रतीक्षा यादी फार हलत नाही, हे मी बातम्या करताना पाहिलं होतं. नांदेडला ये, माझ्या खोलीवर राहा, असं मी तिला कळवलं.

आईनं कुणाचंच मत विचारलं नाही. तिनं स्टीलचा एक नवा डबा विकत घेतला आणि तो घेऊन ती बाजारातल्या पेंटरचाचांकडे गेली.

आमच्याकडची पद्धत अशी. शिकायला मोठ्या गावी गेलेल्या पोरांच्या आया सकाळी डबा भरून गाडीवर देतात. स्टँडवर डब्यांची रांग लागते. गाडी पोचली की पोरं आपापला डबा उचलतात आणि संध्याकाळच्या गाडीनं रिकामा परत करतात. डबे अदलाबदल होऊ नयेत म्हणून झाकणावर नाव आणि गाव ऑइलपेंटनं रंगवून घेतात. पेंटरचाचा दुकानांच्या पाट्या रंगवायचे, पण जून-जुलैत त्यांच्याकडे डब्यांचंच काम असायचं.

"नंबर लागला का पोरीचा, भाभी?" चाचांनी विचारलं.

"लागंल."

"लागंल म्हंजे अजून लागला न्हाई. आपला रंग पक्का हाय. मागून मिटवा म्हनाल तर मिटनार न्हाई."

"पक्काच पायजे," आई म्हणाली.

झाकणावर बहिणीचं नाव आणि त्याखाली 'अकरावी सायन्स, लातूर' असं पिवळ्या रंगात उमटलं. काकांनी ते पाहिलं. "दुकान न्हाई आन् पाटी आधी," ते म्हणाले. आईनं डबा उन्हात वाळत ठेवला.

वडिलांनीही शेवटी आईचंच ऐकलं. कॉलेज नाही तर नाही, क्लास तरी लागू दे, असं म्हणून ते बहिणीला लातूरला घेऊन गेले आणि खोली शोधली. त्या वर्षी लातूरला खोली शोधणं हा वेगळाच प्रकार होता. आधीच्या वर्षापर्यंत पालक स्लॅबची खोली मागायचे. आता घरमालकानं "वर स्लॅब आहे, गळायची काळजी नाही," असं म्हटलं की पोराचा बाप पायरी उतरायला लागायचा. सगळ्यांना पत्रे हवे होते. उन्हाळ्यात भट्टी होणाऱ्या पत्र्याच्या खोल्यांना भाव आला होता. शहरात कुठं कुठं भिंतींना तडे होते आणि त्या तड्यांवरच नव्या क्लासेसचे फलक लागत होते. एका क्लासनं तर चक्क मंडप टाकून शिकवणं सुरू केलं होतं. बाजू उघड्या, वर पत्रे, खाली सतरंज्या. ज्यांना कॉलेजात जागा मिळाली नव्हती त्यांनाही तिथं बसता येत होतं. बहीण सकाळी त्या मंडपात बसायची. क्लास सुटला की कॉलेजात जाऊन नोटीस बोर्डाखालच्या पायऱ्यांवर थांबायची आणि दुपारी स्टँडवर जाऊन डबा घ्यायची.

त्या पायऱ्यांवर वेटिंगमधली आणखी पोरं असायची. दिवस जातील तशी ती कमी होत गेली. कुणी नांदेड धरलं, कुणी उदगीर, कुणी आयटीआय. शेवटी मुलींमध्ये दोघीच उरल्या. दुसरी मुलगी भूकंपात पडलेल्या एका गावची होती. घर गेलं होतं, आजोबा आणि धाकटा भाऊ गेले होते. आईवडील आणि ती, तिघं पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. तिनं दहावीचा अभ्यास त्या शेडमध्ये केला होता आणि तिला बहिणीपेक्षा थोडे जास्त मार्क होते. म्हणून यादीत तिचं नाव वर, बहिणीचं लगेच खाली.

तिला गावाहून डबा येत नव्हता. ती बहिणीबरोबर आमच्या आईच्या डब्यातलं जेवायची. बहिणीनं हे आईला कळवलं तेव्हा डब्यातल्या भाकरी वाढल्या. 

नांदेडच्या प्रवेशाची मुदत संपत आली तेव्हा मी बहिणीला घेऊन यायला लातूरला गेलो. कॉलेजात पोचलो तर ती पायरीवर एकटीच बसलेली होती. दुसरी मुलगी गावी गेली होती. पुनर्वसनात मिळणाऱ्या घरासाठी शेडमध्ये पाहणी होती आणि घरातल्या सगळ्यांनी हजर राहावं असा निरोप आला होता.

आम्ही बोलत असतानाच कार्यालयातले क्लार्क दारात आले आणि त्यांनी त्या मुलीचं नाव पुकारलं. एका मुलाला डिप्लोमाला प्रवेश मिळाला होता आणि त्याची जागा सुटली होती.

"ती गावाकडं गेलीय, सर," बहीण उठून म्हणाली.

"मग तुझं नशीब उघडलं. उद्या दुपारी बारापर्यंत ती आली न्हाई तर जागा तुझी. टीसी, मार्कमेमो घेऊन तयार राहा."

"तिला कळवलंय का?"

"बोर्डावर लावलंय की. आता तिच्यासाठी दवंडी पिटू का?"

क्लार्क आत गेले. मला त्या क्षणी आनंद झाला आणि तो लपवावा असं वाटलं नाही. बहिणीनं दप्तर उचललं आणि ती स्टँडकडे चालू लागली. घरी फोन करायला निघाली असावी, असं मी समजलो.

स्टँडवर तिनं आधी नेहमीसारखा आपला डबा उचलला. आम्ही बाकावर बसून जेवलो. मग तिनं नळावर डबा धुतला, ओढणीनं कोरडा केला, वहीचा कागद फाडून त्यावर चार ओळी लिहिल्या आणि तो डब्यात ठेवला.

"काय करायलीस तू?" मी विचारलं.

"तिच्या गावाला मुक्कामी गाडी जाते. संध्याकाळी जाते, सकाळी लवकर माघारी येते. त्या गाडीनं कळवते."

"कळवायचं काम कॉलेजचं आहे."

"कॉलेज कळवणार न्हाई. ऐकलं न्हाई का तू?"

"तू लबाडी करत नाहीयेस. तू फक्त बसून राहायचंय, उद्या बारापर्यंत."

"दादा, नंबर तिचा हाय," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. मला एखादी साधी गोष्ट कळत नाही आणि ती पुन्हा सांगावी लागते आहे, असा तो सूर होता.

"आणि उद्या ती आली तर तुझं काय?"

"नांदेड हायच की. तू त्यासाठीच आलास ना?"

मी मग फक्त इतकंच विचारलं, की चिठ्ठी द्यायची तर नुसती दे, डबा कशाला.

"चिठ्ठी खिशात घालून माणूस विसरतो. डबा कसा विसरंल? कुणाचं तरी जेवण हाय त्यात."

"पण त्यात जेवण नाहीये."

"त्याला कुठं म्हाईत?"

गाडी लागली. कंडक्टर वयस्कर होते. त्यांनी झाकण वाचलं आणि डबा फिरवून पुन्हा वाचलं. "हे तर लातूरचं हाय बाई. लातूरचा डबा लातूरहून कुठं चालला?"

"शेडमध्ये द्यायचाय, काका." तिनं मुलीच्या वडिलांचं नाव सांगितलं आणि दवाखान्याच्या शेडमागची ओळ अशी खूण सांगितली. "आजच द्या. उद्या न्हाई."

"शेडमधल्या माणसाचा डबा व्हय," कंडक्टर म्हणाले आणि त्यांनी तो आपल्या सीटखाली ठेवला, इतर सामानात नाही.

मी आदल्या हिवाळ्यात त्याच भागातल्या शेडच्या बातम्या केल्या होत्या. शेडच्या पत्र्यांवर नंबर टाकलेले असत, पण टपाल जुन्या गावाच्या नावानं यायचं आणि जुनं गाव नव्हतं. तारीख उलटल्यावर पोचलेली पत्रं मी पाहिली होती. मुक्कामी गाडीचा कंडक्टर आणि एक रिकामा डबा, याहून खात्रीचा मार्ग त्या दिवशी लातुरात नव्हता. बहिणीला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. तिनं ते महिनाभर स्टँडवर डबे उचलताना बघून ठरवलं होतं. एवढ्या थोड्या वेळात, स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्ट इतकी नीट आखलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही पायरीवर बसलो. तिच्याजवळ टीसीची प्लॅस्टिकची पिशवी होती. गाडी आली नाही तर जागा घ्यायची, हेही तिनं ठरवलं होतं. त्यात तिला काही अवघड वाटत नव्हतं. सकाळची गाडी यायची वेळ टळून गेली. ऊन पायरीवर आलं. क्लार्क एकदा बाहेर येऊन बघून गेले. मी घड्याळाकडे बघत होतो आणि ती फाटकाकडे बघत होती. आम्ही एकाच गोष्टीची वाट बघत नव्हतो.

बाराच्या जरा आधी ती मुलगी आणि तिचे वडील फाटकातून जवळजवळ पळत आले. औशाजवळ गाडी बंद पडली होती आणि ती दोघं ट्रकमधून आली होती. वडिलांच्या हातात आमचा डबा होता. मुलगी सरळ आत गेली. तिचा प्रवेश झाला.

वडील पायरीशी उभे राहिले. त्यांनी डबा बहिणीच्या हातात दिला. तो जड लागला म्हणून तिनं उघडून पाहिलं. आत फुटाणे होते आणि वर गुळाचा खडा.

"रिकामा कसा द्यायचा म्हनली हिची आई," ते म्हणाले. "दुसरं काय न्हवतं बघा घरात."

शेडमध्ये 'दुसरं काय नाही' याचा अर्थ मला माहीत होता. फुटाणे वाटपात आलेले असणार. भरलेलं आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्यांच्याकडे पोचलेला डबा तर भरलेलाही नव्हता, त्यात एक चिठ्ठी होती. पण त्या बाईंनी त्या चिठ्ठीचा हिशेब बरोबर धरला होता.

त्या संध्याकाळी बहिणीनं शेजाऱ्यांच्या फोनवर आईला सगळं सांगितलं.  आईनं विचारलं, "मग डबा कुठं पाठवू?"

बहिणीचा नांदेडला प्रवेश झाला. कॉलेज वाईट नव्हतं, पण लातूरसारखं तिथं दर रविवारी पेपर होत नव्हते. लातूरला पोरांकडून पेपर सोडवून घ्यायचे, तपासून चुका दाखवायच्या आणि पुन्हा पेपर, असा घाणाच लावलेला होता. त्यालाच लोक पॅटर्न म्हणत. बहीण वर्गातून यायची, माझ्या खोलीत पुस्तक उघडायची आणि आपण कुठं आहोत हे तिला कळत नसे. तसं ती एकदा बोलूनही गेली. "लातूरला बसले असते तर निदान किती चुकतंय ते तरी कळलं असतं."

आई आता डबा नांदेडच्या गाडीवर देत होती. झाकणावरचं लातूर तिनं पुसून घेतलं नव्हतं. चाचांचा रंग खरंच मिटत नव्हता आणि नवा डबा घ्यायला तिला कारण दिसत नव्हतं. गाडीच्या वेळेचा भरवसा नसायचा, म्हणून ती पहाटेच डबा स्टँडवरच्या पानटपरीवाल्यांकडे ठेवून यायची आणि ते तो गाडीत चढवायचे. एक दिवस टपरीवर त्यांचा भाचा बसला होता. त्यानं झाकण वाचलं आणि डबा लातूरच्या गाडीत चढवला.

त्या दिवशी आम्ही दोघं नांदेडला खानावळीत जेवलो. लातूर स्टँडवर मात्र डबा बेवारस पडला नाही. ती मुलगी खोलीतल्या मैत्रिणींबरोबर त्यांचे डबे घ्यायला आली होती. तिनं पिवळी अक्षरं ओळखली. ती जेवली, डबा धुतला, आणि संध्याकाळच्या मुखेडच्या गाडीवर दिला. रिकामा नाही. तिच्याकडे घालायला फुटाणेही नव्हते. तिनं त्या रविवारचा भौतिकशास्त्राचा पेपर घडी करून आत ठेवला.

आईनं डबा उघडला तेव्हा तिला स्टेन्सिलच्या शाईचा वास असलेला छापील कागद मिळाला. आई चौथीपर्यंत शिकलेली. तिनं तो कागद दुसऱ्या दिवशी भाकरीच्या फडक्याखाली घालून नांदेडला पाठवला. बहिणीनं पेपर वाचला, दाराला कडी लावली आणि घड्याळ लावून सोडवायला बसली.

त्या आठवड्यात आईनं दुसरा डबा घेतला, बिनरंगाचा, नांदेडसाठी. रंगवलेला डबा दर सोमवारी मुद्दाम लातूरला जायला लागला.

"अगं, आपली पोर नांदेडला आन् डबा लातूरला?" काका म्हणाले. "लोक काय म्हनतील?"

"झाकन वाचा म्हनावं," आई म्हणाली.

ही व्यवस्था पुढं दोन वर्षं चालली. लातूरहून प्रश्नपत्रिका मुखेडला यायची, मुखेडहून नांदेडला. बहिणीनं सोडवलेला पेपर नांदेडहून मुखेडला जायचा, तिथून लातूरला. ती मुलगी क्लासमध्ये सांगितलेल्या उत्तरांशी तो ताडून बघायची, लाल पेननं मार्क द्यायची आणि शेजारी शेरे लिहायची. 'चिन्ह चुकलं, झोपली होतीस का?' 'हे मलाही आलं नाही.' कडक द्यायची मार्क. कागदांवर तेलाचे आणि हळदीचे डाग असत. मधलं सगळं आई सांभाळायची. छापलेलं आणि लाल शेऱ्यांचं नांदेडला, नुसतं हातानं लिहिलेलं लातूरला, एवढा नियम तिनं स्वतः केला होता आणि त्यात ती कधी चुकली नाही. आमच्या वृत्तपत्रात तारा, फोन, टेलिप्रिंटर सगळं असून मजकूर गहाळ व्हायचा. आईच्या फडक्याखालून एकही कागद गहाळ झाल्याचं मला आठवत नाही.

बारावीचा निकाल लागला. दोघींनाही चांगले मार्क पडले, पण मेडिकलला लागणारे मार्क म्हणजे वेगळाच हिशेब. त्या मुलीचं नाव नांदेडच्या मेडिकल कॉलेजच्या पहिल्याच यादीत आलं. बहिणीचं प्रतीक्षा यादीत आलं. दुसऱ्यांदा. यादी हलली, पण तिच्यापर्यंत पोचली नाही. तिच्या वर कुणी एकच मैत्रीण नव्हती आणि ती कुणाला कळवू शकत नव्हती, कुणी तिला कळवू शकत नव्हतं.  मग तिनं नांदेडच्याच फार्मसीची पहिली यादी पाहिली, त्यात तिचं नाव होतं, आणि या वेळी स्वतः जाऊन टीसी देऊन आली.

लातूरला जागा मिळाली असती तर तिचं मेडिकल झालं असतं का, हे मला सांगता येणार नाही. झालं असतं असं म्हणणारे आमच्या गिरणीत पुष्कळ होते. बहिणीला मी हे विचारलं नाही आणि तीही कधी त्यावर बोलली नाही.

मेडिकलचं सत्र सुरू झालं तेव्हा ती मुलगी नांदेडला आमच्या खोलीवर आली. हॉस्टेलवर सामान टाकून सरळ आली होती. हातात रंगवलेला डबा होता, शेवटच्या फेरीला तिच्याकडेच राहिलेला. इतक्या वेळा मुखेड-लातूर करून त्याच्या कडा चेपल्या होत्या, पण अक्षरं जशीच्या तशी होती. बहिणीनं झाकण उघडलं. आत भुईमुगाच्या शेंगा होत्या, माती लागलेल्या, ओल्या. त्या वर्षी तिच्या वडिलांनी पुन्हा शेत पेरलं होतं.

दोघी बराच वेळ शेंगा फोडत बसल्या. मी बातमी लिहीत होतो.

"माझ्या जागेवर बसून डॉक्टरीण व्हायलीस," बहीण म्हणाली.

"तुझ्या कसली? जागा माझीच होती. यादीत वर मीच होते की."

"म्हणून तर डबा पाठवला." बहिणीनं टरफलं कागदात गोळा केली. "आता उठ, हात धू. आईचा डबा आलाय, दोघींना पुरंल."

दुसऱ्या दिवशीपासून मुखेडहून दोन्ही डबे नांदेडला येऊ लागले. टपरीवाल्यांनी आईला विचारलं म्हणे, वहिनी, ह्याच्यावर लातूर लिहिलंय, नक्की कुठं घालू? आई म्हणाली, पोरी जिथं हायत तिथं घाला.